शिक्का ज्याने दिला तो माणूस : डेनिस रिची

मागच्या वर्षी भंडाऱ्यात खात रोडवरच्या आमच्या खोलीवर एक प्रकार घडला. सबमिशनच्या आदल्या रात्री रूम पार्टनरने प्रोजेक्टचं फोल्डर साफ करायला छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं, ते रिकामंच राहिलं, आणि डिलीटच्या कमांडपुढे उरला नुसता स्लॅश अन् स्टार. वर पठ्ठ्याने ती सुडो लावून चालवली. लिनक्सच्या सिस्टिम फाइल्स गेल्या, प्रोजेक्टही गेला. मशीनने एका शब्दाने विचारलं नाही. का नाही विचारलं, हे शोधता शोधता मी डेनिस रिची यांच्यापर्यंत पोचलो.

आपल्याला रिची माहीत ते 'सी'च्या पुस्तकावरचं दुसरं नाव म्हणून. जन्म ९ सप्टेंबर १९४१, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. हार्वर्डला फिजिक्स शिकले, पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला, पण पदवी काही घेतली नाही (आपल्या घरी काय झालं असतं!). १९६७ मध्ये तेही बेल लॅब्जमध्येच लागले. दोन वर्षांनी बेल लॅब्जने मल्टिक्स हा अवाढव्य प्रोजेक्ट सोडला. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एका पडून असलेल्या पीडीपी-७ वर युनिक्स सुरू केलं, रिची जोडीला. १९७२ च्या सुमारास 'सी' आली, १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत पुन्हा लिहिला गेला.

पण मला जास्त मोठं वाटतं ते त्यांचं एक छोटं काम. युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी, त्याला कुठल्याही फाइलची परवानगी आडवी येत नाही. मग साध्या युजरने आपला पासवर्ड बदलायचा कसा? ती फाइल तर रूटची. रिचींनी प्रोग्रामच्या फाइलवर एक बिट ठेवला. तो असला की प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नाही, तर मालकाच्या अधिकाराने चालतो. म्हणजे तहसीलदाराचा शिक्का कारकुनाच्या हातात, पण एकाच कामापुरता. हाच सेटयुआयडी. १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं. आमचं सुडोही याच बिटवर चालतं.

आता शिक्क्याला कागद खरा की खोटा हे थोडंच कळतं! प्रोग्राममध्ये बग असला तर तोही रूटच्याच अधिकाराने चालणार. रिचींना हे पक्कं ठाऊक होतं. युनिक्सच्या सुरक्षेवरच्या एका छोट्या लेखात त्यांनी कबूलच केलं, की सुरुवातीला सुरक्षेचा विचार करून ही सिस्टिम बांधलेली नव्हती. १९८३ मध्ये थॉम्पसन आणि त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

२०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रोग्रामच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि लोकांचं अख्खं युएसआर फोल्डर उडालं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि पेपर त्यांच्याच फोटोंनी भरले होते. जॉब्जच्या मॅकच्या आतही युनिक्सच होतं.