लिव्हरच्या रिपोर्टमधलं ‘अल्ब्युमिन’ आणि आर्ने टिसेलियस

लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो असतो. रक्तातली ही प्रथिनं विजेच्या मदतीने स्पष्ट वेगळी करून दाखवली स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी.

जन्म १९०२, स्टॉकहोम. वडील लहानपणीच गेले. १९२५ मध्ये ते उप्साला विद्यापीठात स्वेडबर्ग यांचे सहायक झाले आणि १९३० मध्ये याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. पण पद्धतीवर ते स्वतःच नाराज होते. वीज सोडली की द्रावण तापायचं आणि वेगळे झालेले थर पुन्हा मिसळायचे. काही वर्षं त्यांनी हा विषय बाजूलाच ठेवला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या मुक्कामानंतर ते परतले आणि उपाय सापडला: नळी चपटी करा, द्रावण ४ अंशांजवळ थंड ठेवा. त्या तापमानाला पाण्याची घनता जवळपास बदलत नाही, त्यामुळे थर ढवळले जात नाहीत. इतकं साधं!

१९३७ मध्ये सीरमचे चार भाग दिसले: अल्ब्युमिन, अल्फा, बीटा आणि गॅमा ग्लोब्युलिन. १९४८ मध्ये नोबेल मिळालं. १९७१ मध्ये उप्सालातच त्यांचं निधन झालं.

अल्ब्युमिन फक्त लिव्हर बनवतं. सिरोसिसमध्ये ते घटतं, गॅमा ग्लोब्युलिन बहुधा वाढतं, म्हणून रेशो उलटू शकतो. एसजीपीटी पेशींची इजा दाखवतं, अल्ब्युमिन लिव्हरची काम करण्याची ताकद. सिरोसिसच्या रुग्णाचं पुढे काय, याचा अंदाज देणाऱ्या चाइल्ड-प्यू स्कोअरमध्ये २.८ ग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिनला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण मिळतात. मात्र किडनीच्या आजारातही ते घसरतं, त्यामुळे एकाच आकड्यावरून घाबरू नका, डॉक्टरांना पूर्ण रिपोर्ट दाखवा.