स्थलांतरितांची माऊली : संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी

दरवर्षी १३ नोव्हेंबर रोजी अमेरिकेतील ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी ह्यांचा सण साजरा करते. स्थलांतरितांची आश्रयदाती म्हणून जगभरचे भाविक त्यांचा धावा करतात. बेकायदेशीर स्थलांतराचा वाद आज अनेक देशांत पेटलेला आहे. परके लोक गुन्हेगार असतात, त्यांची निष्ठा दुसरीकडेच वाहिलेली असते, अशी विधाने शहानिशा न करता तोंडोतोंडी पसरत आहेत. ह्या आरोपांत नवे काहीच नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच आरोप आपल्याच धर्मबांधवांवर, म्हणजे गरीब इटालियन कॅथलिकांवर, केले जात होते. मदर कॅब्रिनी ह्यांनी ते दिवस जवळून पाहिले. म्हणूनच त्यांच्या चरित्राचे स्मरण आम्हांला आज अगत्याचे वाटते.

उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांतात, सांत आंजेलो लोदिजियानो ह्या गावी, १५ जुलै १८५० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेले हे बालक जन्मभर नाजूक प्रकृतीचे राहिले. लहानपणी त्या कागदाच्या होड्या करीत, त्यांत फुले ठेवीत आणि त्यांना मिशनरी समजून कालव्याच्या पाण्यात सोडीत. एकदा त्या स्वतःच त्या पाण्यात पडल्या आणि पाण्याची भीती त्यांच्या मनात कायमची बसली. पुढे ह्याच स्त्रीने वीसहून अधिक वेळा अटलांटिक महासागर पार केला!

प्रकृतीच्या कारणास्तव मठात प्रवेश नाकारला गेला, तरी त्या खचल्या नाहीत. १८८० साली कोदोन्यो येथे त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ स्थापन केला. ज्यांचे पवित्र अवशेष आपल्या जुन्या गोव्यात विसावले आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्यावर त्यांची अपार भक्ती होती. त्यांचेच नाव त्यांनी धारण केले आणि त्यांच्याप्रमाणे पूर्वेला, चीनमध्ये, सेवेसाठी जाण्याची आस धरली. परंतु अमेरिकेत गेलेल्या लक्षावधी इटालियन मजुरांची हालहवाल पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी ह्यांना अस्वस्थ करीत होती. त्यांनी मदर कॅब्रिनींना तिकडे जाण्याची विनंती केली. पोप लिओ तेरावे ह्यांनीही त्यांना पूर्वेऐवजी पश्चिमेला जाण्यास सांगितले. मदरनी आज्ञा शिरसावंद्य मानली.

३१ मार्च १८८९ रोजी सहा भगिनींसह त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्यासाठी राहण्याची सोय झालेली नव्हती. पहिली रात्र एका घाणेरड्या खोलीत काढावी लागली. अनाथालयाची योजना बारगळली आहे, तेव्हा आपण परत जावे, असे आर्चबिशप कॉरिगन ह्यांनी सुचविले. पोप महोदयांनी पाठविले आहे, म्हणून आम्ही येथेच राहणार, असे मदरनी नम्रपणे पण ठामपणे कळविले.

त्या काळी अमेरिकेची दारे सर्वांसाठी सताड उघडी होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झालेली होती. १८८५ च्या कायद्याने आधीच मजुरीचा करार करून येणे बेकायदेशीर ठरविले होते. नोकरी ठरलेली असेल तर प्रवेश नाही आणि पोट भरण्याचे सामर्थ्य दिसले नाही तरीही प्रवेश नाही, अशा कात्रीत गरीब माणूस सापडे. मुकादम त्याला प्रवासाचे पैसे उसने देत, बंदरावर काय उत्तर द्यायचे ते पढवीत आणि पुढे त्याची मजुरी लुबाडीत. कायदा मोडण्याचा ठपका मात्र मजुराच्या माथी बसे.

अशा लोकांविरुद्ध अपप्रचाराला ऊत आला होता. १८९० साली न्यू ऑर्लिन्स शहराच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला आणि सगळ्या इटालियन वस्तीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. नऊ जणांवर खटला चालला, परंतु एकावरही गुन्हा शाबीत झाला नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, हजारोंच्या जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार केले. त्यांच्यापैकी काहींचा तर खटलाही अजून उभा राहिलेला नव्हता.

१८९३ साली पोप लिओ ह्यांच्या नावाचे एक बनावट आज्ञापत्र छापून पसरविण्यात आले. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या सणाच्या सुमारास कॅथलिकांनी पाखंडी लोकांचा संहार करावा, असा आदेश पोपनी दिल्याचे त्यात म्हटले होते. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. तो सण आला आणि गेला. कोठेही काही घडले नाही. परंतु मनात पेरलेले विष तेवढ्याने नाहीसे होत नाही.

मदर कॅब्रिनी ह्यांनी ह्या अपप्रचाराला आपल्या कार्याने उत्तर दिले. हत्याकांडानंतर पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या इटालियन वस्तीत आपले कार्य सुरू केले. तेथे अनाथ मुलांना आसरा मिळाला. न्यूयॉर्क व शिकागो येथे कोलंबस रुग्णालये उभी राहिली. कोलोरॅडोच्या खाणींत उतरून भगिनींनी मजुरांची विचारपूस केली. तुरुंगातील कैद्यांनाही त्या भेटत असत. आपल्या लोकांत कोणीच गुन्हेगार नाही, असा दावा मदरनी कधी केला नाही. पण काहींच्या अपराधासाठी साऱ्या समाजाला दोषी ठरविणेही त्यांना मान्य नव्हते. १९०९ साली सिअ‍ॅटल येथे त्यांनी रीतसर अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. कॅथलिकांची निष्ठा रोमला वाहिलेली असते, देशाला नाही, ह्या आरोपाला ह्यापेक्षा सुंदर उत्तर कोणते?

अमेरिकन संसदेने नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ साली आपला अहवाल पूर्ण केला. हा आयोग स्थलांतरितांचा कैवारी नव्हता. त्याने त्यांच्यावर निर्बंधच सुचविले. तरीही स्थलांतरामुळे गुन्हे प्रमाणाबाहेर वाढल्याचा समाधानकारक पुरावा नाही, हे त्यालाही नमूद करावे लागले. पुरावा नव्हता, पण समज टिकून राहिला. १९०७ ह्या एका वर्षात सुमारे २,८५,००० इटालियन अमेरिकेत आले होते. १९२४ च्या कायद्याने हा आकडा वर्षाला ३,८४५ वर आणला. कालपर्यंत ज्या वाटेने थोरला भाऊ राजरोस आला, त्याच वाटेने धाकटा आला तर तो बेकायदेशीर ठरू लागला. माणसे तीच होती, कायदा बदलला होता. १९२९ साली पुन्हा कायदा करून, १९२१ च्या मध्यापूर्वी आलेल्यांना आपली नोंद नियमित करून घेण्याची सवलत देण्यात आली.

हे दिवस पाहण्यास मदर हयात नव्हत्या. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागो येथे त्या प्रभूघरी गेल्या. सदुसष्ट संस्थांचा वारसा त्यांनी मागे ठेवला. ७ जुलै १९४६ रोजी पोप पायस बारावे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. संतपदाचा मान मिळालेल्या त्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिक होत. २०१९ साली न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी १८९१ च्या त्या हत्याकांडाबद्दल जाहीर क्षमा मागितली. क्षमेचे हे शब्द उच्चारले जाण्यास १२८ वर्षे लागली.

आपल्या सीमांचे नियमन करण्याचा अधिकार राष्ट्राला आहे आणि आलेल्या माणसाने त्या देशाचे कायदे पाळले पाहिजेत, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्याचबरोबर, निर्वाहासाठी व सुरक्षिततेसाठी आलेल्या परक्याला समृद्ध देशांनी शक्य तितका आसरा द्यावा, असेही ती सांगते. कोणाला किती प्रवेश द्यावा ह्यावर सज्जनांतही मतभेद होऊ शकतात. मात्र शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा त्या वादातही लागू आहे. परक्यांविषयीचा एखादा भयानक मजकूर आपल्या हाती येईल, तेव्हा तो पुढे धाडण्यापूर्वी आपण त्या बनावट आज्ञापत्राची आठवण करू या. संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी, आम्हांसाठी विनंती कर.