बटाट्याचं वकीलपत्र

भूक लागली की माणूस काहीही खातो, असं आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः तसं नाही. भुकेला चव लागते आणि चवीच्या आधी मान लागतो. समोर आलेलं अन्न आपल्या पायरीला शोभतं की नाही, हे उपाशी माणूससुद्धा पाहतो. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये दर काही वर्षांनी पीक बुडे, पावाचे भाव चढत, गरीब घरांतून कोंडा मिसळलेला काळा पाव चघळला जाई. आणि तरीही पॅरिसच्या आसपासची माणसं बटाट्याला हात लावायला तयार नव्हती. पूर्वेकडच्या काही डोंगराळ मुलखांत तो खाल्ला जात होता. बाकीच्यांच्या लेखी ते डुकरांचं खाद्य.

ही समजूत बदलण्यात ज्यानं उभी हयात घालवली, त्याचं नाव आंतोआन-ओग्युस्तँ पार्मांतिए. फ्रान्समध्ये थंडीच्या दिवसांत घरोघरी एक पदार्थ होतो. तळाशी परतलेला खिमा, त्यावर लोणी आणि दूध घालून घोटलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि भट्टीत भाजून वर आलेला सोनेरी पापुद्रा. त्याला म्हणतात आशी पार्मांतिए. शाळांमधल्या जेवणातसुद्धा तो असतो. तिथल्या मुलांना पार्मांतिए हे आधी जेवणाचं नाव म्हणून कळतं, माणसाचं म्हणून नंतर. त्या माणसाची ही गोष्ट.

पार्मांतिएचा जन्म १२ ऑगस्ट १७३७ चा, उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतातल्या माँदिदिए या लहानशा गावातला. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची. शाळेसाठी पैसे कुठले? आईनंच त्याला घरी शिकवलं, थोडं लॅटिनही शिकवलं. लॅटिन आलं म्हणजे औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचता येणार, एवढा हिशेब त्या काळी पुरेसा होता. गावातल्या औषधं बनवणाऱ्याकडे त्यानं उमेदवारी केली, मग पॅरिस गाठलं आणि १७५७ साली, वीस वर्षांचा असताना, सैन्यात औषधनिर्माता म्हणून भरती झाला.

तेव्हा युरोपात सात वर्षांचं युद्ध चालू होतं. फ्रान्सचं सैन्य जर्मन मुलखात लढत होतं आणि पार्मांतिए जखमींना औषधं देत त्याच्यामागून फिरत होता. या धामधुमीत तो शत्रूच्या हाती सापडला, एकदा नव्हे, अनेकदा. प्रशियाच्या कैदेत त्याच्या वाडग्यात बहुतेक वेळा एकच वस्तू पडे, उकडलेला बटाटा. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानं १७५६ साली हुकूम काढून आपल्या शेतकऱ्यांना बटाटा लावायला भाग पाडलं होतं. त्यामागं व्यवहार होता. उभं गव्हाचं शेत शत्रूला जाळता येतं, तुडवता येतं. जमिनीखालचा बटाटा मात्र शाबूत राहतो. फ्रान्समध्ये जे डुकरांपुढं टाकलं जाई, ते आता कैद्याच्या पुढ्यात आलं. दुसरा एखादा हा अपमान आयुष्यभर उगाळत बसला असता. पार्मांतिएनं स्वतःकडे औषधवाल्याच्या नजरेनं पाहिलं. महिनोन्‌महिने हेच खाऊन आपण आजारी पडलो नाही, उलट धडधाकट राहिलो, याची त्यानं मनाशी नोंद केली.

युद्ध संपलं, १७६३ साली तो पॅरिसला परतला. तिथं बटाट्याची कीर्ती पूर्वीसारखीच होती. त्याच्या खडबडीत, फोड आल्यासारख्या सालीमुळं तो खाल्ला की महारोग होतो, असा समज होता. शिवाय तो ज्या कुळातला, त्या कुळात धोतऱ्यासारखी विषारी झाडं आहेत. आपली वांगी, मिरच्या आणि टोमॅटोही त्याच कुळातले, हा भाग वेगळा. पण भीतीपेक्षा मोठी अडचण मानाची होती. बटाटा खाणं म्हणजे आपली वेळ आली हे चारचौघांत कबूल करणं.

१७६६ मध्ये पार्मांतिएला अँव्हालिद इथं नेमणूक मिळाली. जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी बांधलेली ही पॅरिसमधली भव्य संस्था. तिथला औषधविभाग वर्षानुवर्षं जोगिणींच्या ताब्यात होता. पार्मांतिएला बढती देऊन प्रमुख केलं, तेव्हा त्यांनी जोराचा विरोध केला. प्रकरण राजापर्यंत गेलं आणि तोडगा असा निघाला, की पार्मांतिएनं कामात लक्ष घालायचं नाही. पगार आणि राहायची जागा मात्र चालू राहील. मी सारी उमर बँकेत काढली. खुर्ची काढून घेतली की माणूस कसा कोमेजतो, हे मी जवळून पाहिलं आहे. हा गृहस्थ कोमेजला नाही. मिळालेला सगळा रिकामा वेळ त्यानं बटाट्याला देऊन टाकला. त्याची बहीण त्याच्याकडे राहून घर सांभाळायची. लग्न त्यानं केलंच नाही.

१७६९-७० मध्ये पिकं बुडाली होती. त्या पार्श्वभूमीवर १७७१ साली बझांसाँ शहरातल्या विद्वत्सभेनं एक स्पर्धा जाहीर केली. दुष्काळात नेहमीच्या अन्नाऐवजी काय खाता येईल, हा विषय. पार्मांतिएच्या निबंधाला बक्षीस मिळालं. पॅरिसच्या वैद्यांनीही त्याच सुमारास बटाटा खाण्यात धोका नसल्याचा निर्वाळा दिला. १७७३ मध्ये त्याचं बटाट्याच्या रासायनिक परीक्षणावरचं पुस्तक आलं. बटाट्यात पोषण आहे ते मुख्यतः त्यातल्या पिठूळ सत्त्वाचं, हे त्यानं प्रयोग करून दाखवलं. आपण ज्याला स्टार्च म्हणतो, तेच ते सत्त्व.

शास्त्राचा निकाल बाजूनं लागला, पण लोकांचा लागेना. फ्रेंच माणसाच्या मनात अन्न म्हणजे पाव, जसं कोकणात जेवण म्हणजे भात. म्हणून पार्मांतिएनं बटाट्याचाच पाव करायचं ठरवलं आणि त्यापायी कित्येक वर्षं खर्ची घातली. गव्हाच्या कणकेत चीक असतो, त्यानं हवा धरून ठेवली जाते आणि पाव फुगतो. बटाट्यात हा चीक नाही. मग उकडलेल्या बटाट्याचा लगदा, वेगळं काढलेलं सत्त्व, खमीर, मीठ, असे नाना मेळ घालून त्यानं एक पाव उभा केला आणि १७७९ साली त्याची कृती छापलीही. पाव झाला, पण कष्ट फार, इंधन फार आणि स्वस्ताईचा मूळ हेतूच बाजूला राहिला. बटाट्याला पावाचा अंगरखा चढवून पंगतीत बसवायचा हा खटाटोप होता. अंगरखा काही अंगाबरोबर बसला नाही.

मग त्यानं दुसरी वाट धरली. बटाट्याला बटाटा म्हणूनच मान मिळवून द्यायची. त्यानं मोठमोठ्या माणसांना जेवायला बोलावलं आणि पहिल्या पदार्थापासून शेवटच्यापर्यंत सगळं बटाट्याचं वाढलं. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसमध्ये राहणारा बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्याच्या पाहुण्यांत होते असं सांगतात. त्याहून गाजला तो फुलांचा प्रसंग. बटाट्याच्या जांभळट-पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन तो सोळाव्या लुईच्या दरबारात गेला. राजानं एक फूल कोटाला लावलं, राणी मारी आंत्वानेतनं केसांत माळलं. मग काय विचारता? दरबाऱ्यांत त्या फुलांची फॅशनच आली.

१७८६ च्या सुमारास राजानं त्याला पॅरिसबाहेर, साब्लाँ इथं, सुमारे ४५ एकर जमीन प्रयोगासाठी दिली. जमीन रेताड, काही न पिकणारी म्हणून बदनाम. पार्मांतिएनं तिथं बटाटा लावला. सर्वांत जास्त सांगितली जाते ती गोष्ट इथली. दिवसा शेताभोवती शिपायांचा पहारा असे आणि रात्री तो मुद्दाम उठवला जाई. ज्याला पहारा, ते मोलाचं, असं ताडून आसपासचे लोक अंधारात येत, बटाटे उपटत आणि आपल्या परसात लावत. चोरी झाली की पार्मांतिए खूश! बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी मंचर-खेडकडच्या बटाट्याच्या पट्ट्यात शेतीकर्जाचं काम पाहिलं. नवं बियाणं पत्रकं वाटून खपत नाही, हे तिथं चांगलं कळलं. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या वावरात काय उगवलं, यावर शेतकऱ्याचा निर्णय होतो. पार्मांतिएनं अख्ख्या पॅरिसला तसा एक शेजारी मिळवून दिला.

पण काळ थांबायला तयार नव्हता. १३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्सवर भयंकर गारपीट झाली, हाताशी आलेलं पीक झोपलं. त्यामागून आलेला हिवाळा इतका कडाक्याचा, की सेन नदी गोठली. १७८९ च्या जुलैत पाव कधी नव्हे इतका महाग झाला आणि त्याच महिन्यात बास्तीय पडलं. ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका पाव मागत व्हर्सायवर चालून गेल्या. त्याच वर्षी पार्मांतिएचा बटाट्याच्या लागवडीवरचा मोठा ग्रंथ राजाज्ञेनं छापून झाला होता. राजासाठी फार उशीर झाला होता. कोटाला फूल लावणारा राजा आणि ते केसांत माळणारी राणी, दोघांचीही मस्तकं १७९३ साली गिलोटिनखाली गेली. पुढच्या वर्षी लाव्हाझिएही गेला. फूल मात्र तरलं. ज्या दरबारानं ते मिरवलं, त्याच दरबाराच्या वैऱ्यांनी बटाट्याला प्रजासत्ताकाचं अन्न ठरवलं आणि राजवाड्याच्या त्विलरी बागेत त्याची लागवड केली. १७९५ मध्ये निव्वळ बटाट्याच्या पदार्थांचं एक छोटं पाकपुस्तकही निघालं. बटाटा आता कुणा एकाचा राहिला नव्हता.

पार्मांतिए त्या वादळातून वाचला. नव्या राजवटींनाही भाकरीचं शास्त्र जाणणारा माणूस हवाच होता. सैन्याच्या आरोग्यखात्याचा तो निरीक्षक झाला, देवीच्या लशीच्या प्रसारात त्यानं भाग घेतला, आणि इंग्रजांच्या नाकेबंदीमुळं साखर मिळेना तेव्हा द्राक्षांपासून साखर काढायच्या मागं लागला. १७ डिसेंबर १८१३ ला, ७६ व्या वर्षी, ऐन हिवाळ्यात तो पॅरिसमध्ये वारला. बटाट्यालाच त्याचं नाव द्यावं अशी सूचना पुढं आली होती. ती काही रुजली नाही. फ्रेंच माणूस आजही बटाट्याला जमिनीतलं सफरचंदच म्हणतो. पार्मांतिएचं नाव शिजलेल्या बटाट्याला चिकटलं, तेही पुढच्या काळात, आचाऱ्यांच्या हातून.

एस्कॉफिए या थोर आचाऱ्याच्या १९०३ च्या ग्रंथात या पदार्थाचं जे रूप आहे, ते भरल्या बटाट्याचं. मोठे बटाटे भट्टीत भाजायचे, आतला गर काढून काट्यानं मोडायचा, त्यात परतलेला कांदा आणि मांसाचे बारीक तुकडे मिसळून पुन्हा सालीच्या वाटीत भरायचे. घरगुती पद्धत त्याहून सोपी. आदल्या दिवशीचं उरलेलं मांस बारीक करून कांद्याबरोबर परतायचं, खोलगट भांड्यात पसरायचं, वर बटाटा थापायचा आणि भाजायचं. खुबी आहे ती बटाट्यात. तो पिठूळ जातीचा असावा आणि गरम असतानाच हातानं कुस्करावा. मिक्सरमध्ये फिरवला की त्यातलं सत्त्व मोकळं होऊन खळीसारखा चिकट गोळा होतो. निवृत्तीनंतर एका डिसेंबरात पॅरिसला जाणं झालं, तेव्हा मी हा पदार्थ खाल्ला. बाहेर बोचरा वारा, समोर वाफाळतं भांडं. पहिला घास पोटात गेला आणि खांद्यावर कुणी शाल घातल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पेर लाशेझच्या दफनभूमीत त्याची कबर शोधली. लोक तिथं बटाटे ठेवून जातात. देवापुढं सुपारी ठेवावी, तसे ते मांडलेले होते.

आपल्याकडे हा परदेशी कंद पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा हा शब्दही त्यांचाच. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत कुस्करलेल्या बटाट्यात खिमा भरून पोटॅटो चॉप तळतात, तो या फ्रेंच पदार्थाचा लांबचा भाऊच म्हणायचा. पण बटाट्याला खरा मान दिला तो आपल्या उपवासानं. जिथं रोजचा भात आणि पोळी चालत नाही, तिथं समुद्रापलीकडून आलेला हा पाहुणा जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट लावून थेट पाटावर बसला. ओलं खोबरं आणि बेदाणे भरलेलं उपवासाचं पॅटिस आपण पावित्र्यानं खातो. डुकरांच्या खाद्याला इतकी वरची जागा दुसऱ्या कुणी क्वचितच दिली असेल.

येत्या थंडीत कुकरचं झाकण उघडून बटाटे कुस्करायला घ्याल, तेव्हा भोवती घुटमळणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. राणीनं केसांत माळलेलं फूल आणि रात्री मुद्दाम उठवलेला पहारा त्यांना फार आवडेल. मात्र कैदेतल्या त्या वाडग्याचा भाग गाळू नका. गोष्ट तिथूनच सुरू होते.