दादासाहेब मावळंकर : संसदेचा हक्क जपणारे सभापती

पन्हाळ्यावर नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही मुलांना गडाचा तीन दरवाजा आठवायला सांगतो. कायद्यालाही तीन दरवाजे ओलांडावे लागतात : लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपतींची सही. मग वटहुकूम कुठल्या दरवाजाने येतो, असं एखादा हुशार पोरगा विचारतोच. तेव्हा आम्ही गणेश वासुदेव मावळंकरांची गोष्ट सांगतो.

घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म बडोद्यात, २७ नोव्हेंबर १८८८ चा. वकिली अहमदाबादेत. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि अवघ्या ३ मतांनी निवडून आले. त्यांच्याआधी या खुर्चीवर सर अब्दुर रहीम होते.

त्या सभागृहाचे हात बांधलेले होते. सभासदांनी फेटाळलेला कायदाही व्हाइसरॉय आपल्या अधिकारात लागू करू शकत असे. वटहुकूम तर होतेच. मावळंकरांनी हे सगळं जवळून पाहिलं होतं.

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. १९५२ मध्ये ते पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. घटनेच्या कलम १२३ नुसार संसदेचं अधिवेशन चालू नसेल आणि तातडीची गरज असेल, तर राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिची मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. ही सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. पण सरकार वारंवार तीच वाट धरू लागलं. तेव्हा मावळंकरांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहून हरकत घेतली. वेळ कमी पडला हे वटहुकुमाचं कारण होऊ शकत नाही, यातून वाईट पायंडा पडेल, असं त्यांचं म्हणणं. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं, हे विसरू नये.

ते काही सर्वांचेच लाडके नव्हते. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी पक्षपाताचा आरोप करत त्यांना हटवण्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला.

आज हे का सांगायचं? तीन तलाकचं विधेयक राज्यसभेत अडलेलं असताना सप्टेंबर २०१८, जानेवारी २०१९ आणि फेब्रुवारी २०१९ असे तीन वटहुकूम निघाले. रीतसर कायदा जुलै २०१९ मध्ये झाला. कायदा चांगला की वाईट, यावर आपल्या समाजातही वेगवेगळी मतं आहेत. ती असू द्या. पण आपल्या घरात शिरणारा कायदा आधी चर्चेतून जावा, हा हक्क सगळ्यांचाच आहे. उद्या सरकार कुणाचंही येवो, आपल्या खासदाराला आपण एवढं तरी विचारलं पाहिजे : तुमची चर्चा आधी झाली, की हुकूम आधी निघाला?