व्हेरियर एल्विन

व्हेरियर एल्विन (२९ ऑगस्ट १९०२, डोव्हर – २२ फेब्रुवारी १९६४, दिल्ली) हे जन्माने इंग्रज आणि १९५४ पासून भारतीय नागरिक असलेले मानववंशशास्त्रज्ञ होते. मध्य भारतातील गोंड, बैगा, माडिया व मुरिया या जमातींवरील त्यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात.

जीवन

त्यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींच्या सहवासामुळे ब्रिटिश सरकारचा रोष ओढवला. १९३२ साली ते इंग्लंडला गेले असता, राजकारणात भाग न घेण्याची हमी दिल्यावरच त्यांना परतता आले. त्याच वर्षी त्यांनी मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे वस्ती केली. पुढे त्यांनी चर्च सोडले. १९४० साली कोसी या गोंड युवतीशी त्यांनी विवाह केला, तो टिकला नाही. आत्मचरित्रात तिला मिळालेली जागा फारच थोडी आहे. ही उणीव खटकते.

बस्तरमधील माडियांच्या खुनाच्या खटल्यांवरील त्यांचा ग्रंथ १९४३ साली, तर मुरियांच्या गोटुलविषयीचा १९४७ साली प्रसिद्ध झाला. बस्तरला लागून असलेल्या तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील भामरागड व एटापल्ली भागातही माडिया राहतात; त्यामुळे येथील वाचकास हे ग्रंथ परके वाटत नाहीत. आदिवासींना बाहेरच्या शोषणापासून अलग राखावे, या त्यांच्या तेव्हाच्या मतावर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी कठोर टीका केली. पुढे एल्विन यांनी आपली भूमिका बरीच सौम्य केली.

नागरिकत्व आणि भाषा

स्वातंत्र्यानंतर मायदेशी न जाता एल्विन यांनी १९५४ साली भारतीय नागरिकत्व घेतले. त्यानंतर वर्षभराने, १९५५ साली, संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. देशीयकरणाने नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परकीयास राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका तरी भाषेचे पुरेसे ज्ञान हवे, अशी अट त्यात आहे. ब्रिटन व अमेरिका नवागतांकडून इंग्रजीची अपेक्षा करतात. भारताच्या या अनुसूचीत मात्र इंग्रजी नाही. आणि गोंडी, माडिया, हलबी याही नाहीत. म्हणजे एल्विन यांची मातृभाषा या कसोटीस उतरली नसती, आणि ज्यांच्यामध्ये त्यांनी आयुष्य घालवले त्यांची भाषाही उतरली नसती. हिंदीने तेवढे निभावले असते. भामरागडच्या माडियास नागरिकत्व जन्मानेच मिळते, पण कचेरीत व न्यायालयात त्यास दुसऱ्याचीच भाषा बोलावी लागते. भाषेची अट परकीयास कायद्याने लागू होते, तर या माडियास ती व्यवहारात लागू होते.

उत्तरायुष्य

१९५४ पासून ते शिलाँग येथे ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार होते. अधिकाऱ्यांनी लोकांची भाषा शिकावी, लोकांनी अधिकाऱ्यांची नव्हे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या या धोरणावरील पुस्तकास पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रास १९६५ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार देण्यात आला.