पंधरा लाखांच्या आधीची पायपीट

मार्च १९२९ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षात असलेला एक निवृत्त प्राध्यापक विलायतेच्या प्रवासाला निघाला. तीर्थयात्रेला जाण्याच्या वयात धोंडो केशव कर्वे इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि जपान पालथे घालून सुमारे वर्षभराने परतले. काही महिन्यांची उसंत घेतली आणि वर्षअखेरीस पुन्हा आफ्रिकेला गेले. तेथेही वर्षभराहून अधिक काळ फिरले. जेथे जातील तेथे ते महिला विद्यापीठाची माहिती सांगत आणि वर्गणी मागत.

परदेशातील मोठ्या विद्यापीठांत धनाढ्यांकडून देणग्या मिळविण्यासाठी स्वतंत्र पगारी अधिकारी असतात. आपल्याकडे ते पद निर्माण होण्याच्या कितीतरी आधी कर्व्यांनी ते काम केले, तेही मागण्याच्या कामासाठी लागते असे आपण समजतो त्यातले काहीच अंगी नसताना. आवाज बारीक, स्वभाव भिडस्त, वक्तृत्व बेताचे. नकार ऐकण्याची सवय मात्र लहानपणापासूनची. १८५८ साली जन्मलेला हा मुरूडचा मुलगा परीक्षेसाठी डोंगर तुडवीत साताऱ्याला पायी गेला होता आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नव्हते.

निधी उभारण्याचे पहिले धडे त्यांनी गावासाठीच गिरवले. मुंबईत शिक्षकी करीत असताना, पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी कमाईतला थोडा अंश गावासाठी द्यावा, या विचाराने मुरूड फंड सुरू झाला. ज्या गावासाठी हे केले, त्याच गावाने पुढे त्यांना वाळीत टाकले. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया, झाल्या.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. आरंभीचे एक हजार रुपये कर्व्यांनी स्वतःच्या बचतीतून दिले. पुढे पुण्यापासून सुमारे चार मैलांवरील हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. महाविद्यालयातील तास आटोपून कर्वे चिखल तुडवीत तिकडे जात. सुट्या लागल्या की गावोगाव वर्गणीसाठी हिंडत. मिळालेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब वार्षिक अहवालात छापला जाई. गणिताच्या या प्राध्यापकाचे खरे वक्तृत्व त्या आकड्यांत होते, असे मला वाटते. चार आणे देणाऱ्यालाही आपले पैसे कोठे गेले हे कळत असे आणि पुढच्या वर्षी त्याच्या दारी पुन्हा जाता येत असे.

या मागण्याची किंमत घरात मोजावी लागे. आयुर्विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांचे काय, हा बायांचा सवाल रास्तच होता. संसाराच्या त्या ओढाताणीबद्दल बायांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे. देणाऱ्याच्या थोरवीची चर्चा करताना घर चालविणारीचा हा पक्ष आपण सहसा विसरतो.

दुसरी किंमत अधिक नाजूक होती. विधवांना शिकविण्यासाठी पैसे द्यायला तयार असणाऱ्या अनेकांना विधवांचे पुनर्विवाह मान्य नव्हते. कर्व्यांनी स्वतः पुनर्विवाह केलेला, त्या चळवळीच्या मंडळीचे तेच चालक. तरीही त्यांनी आश्रम त्या चळवळीपासून अलग ठेवला आणि पुढे मंडळीच्या कामातूनही अंग काढून घेतले. काही सुधारकांना हे रुचले नाही. त्यांची नाराजी निराधार नव्हती. परंतु आश्रमातील मुलींच्या जेवणाचा खर्च त्या नाराजीतून निघणार नव्हता, हेही तितकेच खरे.

टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका हाती आली आणि त्यांच्या कल्पनेने मोठी झेप घेतली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली आणि १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. महाविद्यालयात विद्यार्थिनी मात्र पाच. शिक्षण मातृभाषेतून, सरकारी मान्यता नाही, म्हणजे पदवीला बाजारात मोल नाही. अशा संस्थेसाठी पैसे मागणे किती अवघड असेल! कर्व्यांनी त्यावर शोधलेला उपाय मार्मिक होता. ठराविक वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांना विद्यापीठाच्या कारभारात मताधिकार मिळाला. देणगीदार उपकारकर्ता न राहता भागीदार झाला.

पण लहान वर्गण्यांवर विद्यापीठ किती काळ चालणार? मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी १९१९-२० च्या सुमारास जगाच्या प्रवासाला गेले असता त्यांनी टोकियोचे ते विद्यापीठ पाहिले आणि परतल्यावर १९२० साली मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. पुस्तिकेने कर्व्यांना जे दाखवले होते, ते ठाकरसींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मने वळविण्याचे काम कित्येकदा असे परस्पर होते. अर्थात सर विठ्ठलदासांसमोर चार वर्षे तग धरून उभी असलेली संस्था आणि तिचा चोख हिशेब नसता, तर ते पंधरा लाख टोकियोच्या आठवणीतच राहिले असते.

देणगीला अटी होत्या. विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यायचे आणि त्याचे मुख्य ठिकाण कालांतराने मुंबईला न्यायचे. मुद्दल लगेच हाती येणार नव्हते. साडेतीन टक्क्यांनी वर्षाला बावन्न हजार पाचशे रुपये व्याज मिळायचे. कर्व्यांनी अटी मान्य केल्या. नाव गेले, पुढेमागे पुणेही सुटणार, पण शिक्षकांचे पगार निघू लागले. १९२१ मध्ये पहिल्या पाच पदवीधर स्त्रिया बाहेर पडल्या.

सर विठ्ठलदास १९२२ मध्ये अकाली गेले. पुढे त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले, वार्षिक रक्कम अडली आणि तडजोड होईपर्यंत संस्थेची कोंडी झाली. एकाच मोठ्या हातावर विसंबलेल्या संस्थेचे हे दुखणे असते. सत्तरी ओलांडूनही कर्वे देशोदेशी का फिरले, हे यावरून समजते. पंधरा लाख मिळूनही लहान वर्गणीदारांची यादी त्यांनी कधी बंद केली नाही. आफ्रिकेच्या दौऱ्यात झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर ते जात राहिले.

विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळून ते नव्या रूपात १९५१ पासून काम करू लागले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

ठरल्याप्रमाणे विद्यापीठाचे मुख्य ठिकाण १९३६ साली मुंबईला गेले. त्याच वर्षी पुण्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी एक नवी संस्था काढली आणि तिच्या वर्गणीसाठी ते पुन्हा घरोघर फिरू लागले.