गार्सिया द ओर्ता : चिनी औषधींचा पारखी

आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यांत ज्या औषधी वस्तु असतात, त्यांपैकीं कित्येकींच्या नांवांतच चीन देश दडलेला आहे. कोठा साफ होण्यासाठीं रेवाचिनी, सांधे धरले असतां चोपचिनी, पडशाच्या काढ्यांत दालचिनी. हीं नांवें आपण लहानपणापासून ऐकतों. घसा बसला असतां तोंडांत धरावयाचें कोळिंजन आणि देवघरांतला कापूर ह्यांचाहि पूर्वीं चीनशीं संबंध होता. परंतु हीं द्रव्यें कोठून येतात, त्यांस चिनी कां म्हणतात, व त्यांचा खरा गुण कोणता, असा प्रश्न आपल्यापैकीं फार थोड्यांस पडतो. सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं हा प्रश्न ज्यास पडला, आणि ज्यानें त्याचें उत्तर शोधण्यांत आपलें आयुष्य वेंचिलें, अशा एका वैद्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गार्सिया द ओर्ता ह्याचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगाल देशांतील काश्तेलो द व्हीद ह्या गांवीं झाला. त्याचें घराणें मूळचें स्पेनमधील यहुदी. १४९२ सालीं स्पेनच्या राजानें यहुद्यांस हद्दपार केलें, तेव्हां त्याचे आईबाप पोर्तुगालांत आले. परंतु १४९७ सालीं तेथेंहि त्यांस सक्तीनें बाप्तिस्मा घ्यावा लागला. अशा कुटुंबांस लोक नवे ख्रिस्ती म्हणत व त्यांच्यावर सदैव संशयाची नजर ठेवीत. ह्या छायेखालींच गार्सिया लहानाचा मोठा झाला. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्यानें वैद्यकाचा अभ्यास केला, आणि पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत तो अध्यापक झाला.

त्या काळीं युरोपांतील वैद्यक म्हणजे प्राचीन ग्रीक ग्रंथांचें पारायण होतें. गेलेन व डायोस्कोरिडीस ह्यांनीं जें लिहिलें तें प्रमाण. त्याविरुद्ध बोलणें म्हणजे उद्धटपणा. पूर्वेकडील औषधें व्यापाऱ्यांच्या हातांतून, दहा बंदरें पालटून, कुटलेलीं व भेसळलेलीं तेथें पोहोंचत. ज्या झाडाचें मूळ आपण रोग्यास देतों, तें झाड पाहिलेला एकहि वैद्य तेथें नव्हता. अशा स्थितींत १५३४ सालीं मार्तिम अफोन्सु द सोझा ह्या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून गार्सिया जहाजावर चढला व त्याच वर्षीं गोव्यास उतरला. तो पुन्हां मायदेशीं गेलाच नाहीं.

आरंभींचीं कांहीं वर्षें आरमाराबरोबर काढल्यावर तो गोव्यांत स्थायिक झाला. पुढें लौकरच त्याचा आपल्या प्रांताशीं संबंध आला. आमच्या छत्रपति संभाजीनगर शहराचा त्या वेळीं जन्मच झाला नव्हता; मलिक अंबरानें खडकी वसविली ती १६१० सालीं. परंतु शेजारचा दौलताबादचा किल्ला १४९९ पासून निजामशाहीच्या ताब्यांत होता, आणि त्या राज्याच्या राजधानींत, म्हणजे अहमदनगरास, बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. ह्या सुलतानानें गार्सियास आपल्या उपचारासाठीं बोलाविलें. पुढें दोघांचा स्नेह जडला. सुलतान विद्येचा भोक्ता असून त्याच्या पदरीं अरबी व फारसी ग्रंथ पढलेले हकीम होते. रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें सुलतानानें वैद्यास सांगावीं, लॅटिन नांवें वैद्यानें सुलतानास सांगावीं, असा त्यांचा क्रम असे. आपल्यापाशीं राहण्यासाठीं सुलतानानें त्यास मोठ्या वेतनाचें आमिष दाखविलें, तरी गोवा सोडण्यास तो तयार झाला नाहीं.

ह्या दरबारांत व गोव्याच्या बाजारांत गार्सियास जी विद्या मिळाली, ती विद्यापीठांत मिळाली नव्हती. फारसींत चोब म्हणजे लांकूड. म्हणून चोबचिनी म्हणजे चीनचें लांकूड. दारचिनी ह्या नांवाचा अर्थहि तोच. वास्तविक उत्तम दालचिनी सिंहलद्वीपांत होते. मग तिला चिनी कां म्हणावें? गार्सियानें शोध केला, तेव्हां त्यास कळलें कीं, पूर्वीं चिनी व्यापारी आपल्या गलबतांतून ती इराणच्या आखातांत होर्मुझ बंदरास नेत, आणि तेथील लोकांनीं माल आणणाऱ्याच्या देशाचें नांव मालास देऊन टाकिलें. रेवाचिनी मात्र खरोखरच चीनकडून येते, असें त्यास आढळलें. कोळिंजनाच्या दोन जाती त्यानें वेगळ्या केल्या. लहान व तिखट ती चीनची, मोठी ती जावा बेटाची. कापराचेंहि तसेंच. बोर्निओचा कापूर निराळ्या झाडाचा व फार महाग, तर चीनचा कापूर निराळा व स्वस्त, हें त्यानें स्पष्ट लिहून ठेविलें.

ह्या सर्वांत चोपचिनीची कथा विशेष आहे. ज्या फिरंग रोगानें त्या शतकांत युरोप व आशिया हीं दोन्ही खंडें हैराण केलीं, त्यावर रामबाण म्हणून हें चिनी मूळ १५३५ च्या सुमारास हिंदुस्थानांत प्रसिद्धीस आलें. मुळाचे काप पाण्यांत उकळून काढा करावयाचा, तो घेऊन रोग्यानें घाम काढावयाचा व कडक पथ्य पाळावयाचें, अशी ती चिकित्सा होती. स्पेनच्या पांचव्या चार्ल्स बादशहानेंहि हें मूळ घेतलें, आणि व्हेसालियस ह्या विख्यात शरीरशास्त्रज्ञानें १५४६ सालीं त्यावर एक पत्ररूप ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडील भावप्रकाश ग्रंथांतहि द्वीपांतरवचा ह्या नांवानें तिचा समावेश झाला. गार्सियानें तिची फार स्तुति केली आहे.

१५६३ सालीं गोव्यांत त्याचा ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानांत पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यासच सुरू झाला होता. त्यामुळें आपल्या देशांत छापलेल्या अगदीं पहिल्या ग्रंथांत ह्याची गणना होते. त्यांत चुका इतक्या राहिल्या कीं, शेवटीं लांबलचक शुद्धिपत्र जोडावें लागलें. तो विद्वानांच्या लॅटिनमध्यें नसून पोर्तुगीज भाषेंत आहे, व सारा संवादरूप आहे. युरोपांतून नुकताच आलेला रुआनो नांवाचा वैद्य जुन्या ग्रंथांचे दाखले देतो, आणि गार्सिया त्यास स्वतः पाहिलेलें सांगतो. मध्येंच अंतोनिया नांवाची दासी झाडपाला आणून दाखविते. एखादा हिंदु वैद्य येऊन आपला अनुभव सांगतो. आपण स्पेनमध्यें असतों तर गेलेनच्या विरुद्ध बोलण्याचें धैर्य आपणांस झालें नसतें, अशी प्रांजळ कबुलीहि ग्रंथांत आहे. पटकीच्या रोगाचें स्पष्ट वर्णन करितांना त्यानें इकडील लोकांचा मोडशी हा शब्दच वापरला आहे. ग्रंथाच्या आरंभीं कामोंइश ह्या पोर्तुगीज महाकवीची कविता असून, त्याची छापली गेलेली ती पहिलीच कविता होय.

मुंबई बेट पोर्तुगीज सरकारकडून गार्सियास खंडानें मिळालें होतें. तेथें त्याचा वाडा व बाग होती, आणि त्याच जागीं पुढें इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. वर्षांतून दोनदां फळणाऱ्या तेथील एका आंब्याचा उल्लेख त्यानें मोठ्या कौतुकानें केला आहे.

एवढा मान मिळूनहि त्याच्या मनास स्वास्थ्य नव्हतें. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापन झाली. गार्सिया बाहेरून ख्रिस्ती असला तरी घरांत पूर्वजांचा धर्म जपून होता, असें पुढें चौकशींत निघालें. ज्यानें प्रत्येक मुळाचें खरें नांव जगास सांगितलें, त्यास स्वतःचें खरें नांव मात्र जन्मभर झांकून ठेवावें लागलें. १५६८ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गोव्यांत जिवंत जाळण्यांत आलें. आणि १५८० सालीं गार्सियाचीं हाडें थडग्यांतून उकरून काढून तींहि जाळण्यांत आलीं. धर्माच्या नांवानें झालेलें हें कृत्य वाचून कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास लाज वाटल्यावांचून राहणार नाहीं.

परंतु ग्रंथ उरला. १५६७ सालींच क्लुसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें अँटवर्प येथें त्याचें संक्षिप्त लॅटिन रूपांतर प्रसिद्ध केलें होतें; त्यावरून सर्व युरोप पूर्वेकडील औषधी शिकला. १९१३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. पणजी शहरांतील सार्वजनिक बागेस ह्या वैद्याचें नांव देण्यांत आलें.

आतां चोपचिनीविषयीं खरें सांगावयाचें तर, गार्सियाचा निर्णय चुकला होता. तिनें फिरंग रोग बरा होत नाहीं, हें आज सर्वमान्य आहे. त्या रोगावरचें खरें औषध पेनिसिलिन, आणि त्याचा त्यावर पहिला प्रयोग १९४३ सालीं झाला. मग ह्या वैद्याची थोरवी कशांत? आमच्या मतें ती त्याच्या निर्णयांत नसून रीतींत आहे. औषध परक्या देशाचें म्हणून त्यानें टाकिलें नाहीं, आणि जुन्या पोथींत आहे एवढ्यावरून तें घेतलेंहि नाहीं. सुलतान असो कीं दासी असो, ज्यास ठाऊक आहे त्यास विचारावें, स्वतः पाहावें, मग लिहावें, हा त्याचा नेम. ह्याच नेमानें पुढच्या वैद्यांनीं त्याचीहि चूक सुधारली, आणि त्यांत त्यास कमीपणा नाहीं.

विद्यार्थीबंधूंनो, आजहि चिनी, देशी अथवा विलायती औषधांच्या गुणांच्या कथा आपल्या कानांवर येतात. कोणी सांगितलें म्हणून काढा पिऊं नये, व कोणी हंसलें म्हणून टाकूंहि नये. जाणत्या वैद्यास विचारावें. रेवाचिनीसारखें साधें द्रव्यहि प्रमाण चुकल्यास पोटास अपाय करितें. दुकानांतील पुडीवर चिनी हें नांव दिसलें, तर तिच्या आंत काय आहे हें विचारणाऱ्या ह्या परदेशी वैद्याचें स्मरण आपण अवश्य ठेवावें.